तपकिरी पिल्लांचं काय करायचं?

मामा : ही कोळंबी? हिचा सोडासुद्धा होणार नाही गो.

भाची : सोडे करायचेच नाहीत मला.

मामा : मग पाळलीस कशाला?

मामा म्हणजे माझे मेहुणे. मालवणच्या बाजूचे. सगळी नोकरी कोळंबीच्या बीज केंद्रांत गेली, थोडी कोकणात आणि बरीचशी आंध्रच्या किनाऱ्यावर. आता निवृत्त आहेत, पण कोणतंही पाणी दिसलं की त्यात किती मावेल याचा हिशेब आपोआप सुरू होतो. भाची म्हणजे माझी मुलगी. ठाण्यातल्या आमच्या घरात पूर्वी पुस्तकांचं कपाट होतं, तिथे आता तिच्या दोन-दोन फुटी काचेच्या टाक्या आहेत. त्यांत जावा मॉस, अनुबियास, जावा फर्न लावलंय आणि त्या हिरवळीत ती करंगळीच्या पेराएवढ्या लालभडक कोळंब्या वाढवते आणि विकते. दोघंही कोळंबीवर पैसे मिळवलेली माणसं, आणि दोघांचं एकमेकांच्या कोळंबीविषयी मत वाईट. घरातलं विजेचं बिल मी भरतो, तेवढ्या अधिकारावर हा वाद मी ऐकला.

भाची : ही निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची चीन-तैवानकडच्या ओढ्यांतली. वाढून वाढून तीन सेंटिमीटर होते, दीड-दोन वर्षं जगते. बाजारात हिला रेड चेरी म्हणतात.

मामा : आणि ही पोटाखाली घेऊन फिरतेय ती? अंडी?

भाची : अंडीच. आधी मानेमागे पिवळसर ठिपका दिसायला लागतो, ते अंडाशय. त्याला आम्ही सॅडल म्हणतो. मग मादी कात टाकते, पाण्यात तिचा गंध सुटतो आणि टाकीतले सगळे नर सैरावैरा पोहायला लागतात. त्यानंतर अंडी पोटाखाली येतात. पोटाचे पाय हलवून ती त्यांच्यावरून पाणी फिरवत राहते. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं.

मामा : किती?

भाची : वीस-तीस.

मामा : वीस-तीस! अगो, आमच्या टायगरची एक मादी एका रात्रीत लाखांनी अंडी सोडायची.

भाची : आणि हाती किती लागायची?

मामा : तो प्रश्न वेगळा. नॉप्लियस, मग झोइया, मग मायसिस, मग पीएल, म्हणजे पोस्ट-लार्वा. प्रत्येक रूपाचं खाणं वेगळं, दुखणं वेगळं. रात्री दोन-दोन वाजता उठून बीकर उजेडात धरायचा आणि बघायचं, पोरं हलतायत ना. निम्मी जगली तरी मालक खूश.

भाची : माझ्या वीसांत एकही अळी नसते. अंड्यातून येते ती तयार कोळंबी, दोन मिलिमीटरची. मिशा, पाय, शेपूट, सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवसापासून आईच्या शेजारी बसून तेच खायला लागते.

मामांनी माझं वाचायचं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ मॉसमध्ये पाहत राहिले. बाहेरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण ज्या माणसाची सगळी विद्या अळी जगवण्यात खर्ची पडली, त्याला अळीच नसलेली कोळंबी म्हणजे आपल्या नोकरीवरच घेतलेला आक्षेप वाटला असणार. त्यांनी विषय आपल्या अंगणात ओढून नेला.

मामा : आपल्या नद्यांतली ती मोठी, निळ्या नांग्यांची कोळंबी पाहिलीस ना? तिचं बघ. वाढते गोड्या पाण्यात, पण अंडी पोटाशी धरून मादी खाडीकडे उतरते. पिल्लांना सुरुवातीचे आठवडे निमखारं पाणीच लागतं. मोठी झाली की परत वर चढतात. लोक हजार वर्षं ती खात होते, पण पिल्लं तळ्यात का जगत नाहीत ते कोणाला कळत नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात, पेनांगला, त्याचा उलगडा केला. मग हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरांनी लाखांनी बीज काढायची रीत बसवली. त्या रीतीवर आमच्यासारख्यांची पोटं भरली.

भाची : तसलीच एक माझ्याकडेही आहे. ती बघ, त्या लाकडावर. अंगावर ठिपक्यांच्या रेघा आहेत ती. आमानो कोळंबी.

मामा : आमानो हे काय नाव?

भाची : ताकाशी आमानो, जपानी छायाचित्रकार. पाण्याखाली बाग लावायची कला आज जगभर जी चालते, ती बरीचशी त्यांच्यामुळे. १९८२ मध्ये त्यांनी त्यासाठी कंपनीच काढली. बागेत शेवाळ माजायचं, तर शेवाळ खाणारी ही कोळंबी त्यांनी टाकीत आणली आणि सगळ्यांनी उचलली. हिची अंडी मात्र हजार-दोन हजार, राईहून बारीक, आणि अळ्यांना समुद्रासारखं खारं पाणी लागतं. घरी फार थोड्यांना जमतं.

मामा : मग या येतात कुठून?

भाची : बहुतेक नदीतून धरूनच.

मामा : अस्सं. म्हणजे तुझ्या बागेचं शेवाळ खरवडायला कोणाच्या तरी नदीतून उपसून आणलेल्या. आणि जाळी टाकणाऱ्यांना नावं कोण ठेवतं?

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. तिने विषय बदलला, आणि तोही तिच्या बालेकिल्ल्यात.

भाची : मामा, तू तळ्यात दिवसातून किती वेळा खाद्य टाकायचास?

मामा : चार वेळा. आणि चेक ट्रे उचलून बघायचं, किती उरलं.

भाची : मी आठवड्यातून दोन-तीनदा टाकते. तेही चिमूटभर. नाहीतर उकडलेल्या पालकाचं एखादं पान.

मामा : उपाशी मारतेस.

भाची : उलट. या दिवसभर काय करतात बघ. पुढच्या पायांना बारीक कुंचले आहेत, त्यांनी प्रत्येक पान, प्रत्येक दगड खरवडत बसतात. जिथे तुला काहीच दिसत नाही तिथे जिवाणूंचा, शेवाळाचा पातळ बुळबुळीत थर असतो. तेच यांचं जेवण, पिल्लांचं तर सगळंच. मी जास्त खाद्य घातलं तर ते कुजतं, अमोनिया होतो, आणि पहिल्यांदा पिल्लंच जातात.

या थरासाठी ती सोसायटीच्या आवारातल्या जंगली बदामाची गळलेली तांबूस पानं वेचून आणते. सफाई कामगार झाडू घेऊन यायच्या आत तिला खाली जावं लागतं. परदेशातले शौकीन हीच पानं पाकिटातून विकत घेतात, हे तिने सांगितल्यावर मामांनी झाडाखालच्या कचऱ्याकडे नव्या नजरेने पाहिलं. धुऊन टाकीत सोडली की पान हळूहळू मऊ पडतं, पाण्याला चहाचा रंग येतो आणि कोळंब्या त्या पानाच्या फक्त शिरा मागे ठेवतात.

टाकी भरल्याभरल्या कोळंबी सोडायची नाही, हा तिचा पहिला नियम. झाडं लावून, स्पंजचा फिल्टर चालू ठेवून महिना-दीड महिना टाकी रिकामीच ठेवायची. तेवढ्यात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात आणि वाळूत बस्तान बसवतात. इथे मामा पहिल्यांदा मनापासून मान हलवताना दिसले.

मामा : हे बरोबर. आम्हीसुद्धा तळं आधी सुकवायचो, चुना मारायचो, पाणी घ्यायचो, ते हिरवट होईपर्यंत थांबायचो. मगच बीज. घाई करणारे कर्जात गेले.

भाची : बघ. म्हणजे काम कोळंबीचं नाहीच, पाण्याचं आहे.

मामा : पाणी कोणतं घालतेस? नळाचं?

भाची : नळाचंच, क्लोरीन उडवून. आपलं धरणाचं पाणी मऊ आहे, नुसतं वापरलं तर कवच नीट होत नाही. कात टाकताना मानेशी पांढरं वर्तुळ पडतं आणि कोळंबी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकून मरते. म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मोजून घालते, पाण्याचा जडपणा, म्हणजे जीएच, सहा ते आठच्या मध्ये राहील इतके. पण मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते ना, तेव्हा तेच पाणी बोअरवेलचं, जड. एका रात्रीत टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दुप्पट.

मामा : मग?

भाची : मग नळाचं पाणी सरळ टाकीत जातच नाही. आधी ड्रममध्ये साठवायचं, मोजायचं आणि थेंबाथेंबाने सोडायचं. सलाइनच्या नळीने.

मामा : आम्ही अमावास्या-पौर्णिमेला तळ्यात हात घालायचो नाही. तेव्हा कात टाकतात, अंग मऊ असतं. 

भाची : चंद्राचं मला माहीत नाही. पण हात न घालणं बरोबर. 

तांब्याची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण आमच्या घरात ती धार्मिक तंट्याइतकी तापली होती. माझ्या आईचा तांब्याचा हंडा आहे, आणि टाकीसाठी पाणी साठवायला तो ऐटीत वापरावा असं मला वाटत होतं. मुलीने तो हातातून काढून घेतला. कोळंबीचं रक्त आपल्यासारखं लोहावर चालत नाही, तांब्यावर चालतं, तरीही पाण्यात विरघळलेलं थोडं तांबं तिचा जीव घेतं. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, म्हणून माशांना बरं करणारी बाटली कोळंबीच्या टाकीजवळसुद्धा ठेवायची नाही. डासांच्या औषधाचंही तसंच. डास आणि कोळंबी दोघेही संधिपाद, त्यामुळे डासावर चालणारं विष कोळंबीवरही चालतं. पावसाळ्यात पालिकेचा धूर फवारणारा माणूस गल्लीत शिरला की आमच्याकडे खिडक्या बंद होतात, टाक्यांवर ओली चादर पडते आणि सगळ्यात आधी एअर पंप बंद होतो, कारण तो खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. त्या धुराच्या यंत्राचा आवाज ऐकून माणसं दारं लावतात ते मुलांसाठी. आमच्याकडे ती चेरीसाठी लागतात.

एवढं झाल्यावर मला वाटलं, समेट झाला. पण मामांची नजर टाकीवरून खाली, टेबलाखालच्या एका झाकणाच्या डब्याकडे गेली होती.

मामा : त्यात काय?

भाची : काढलेल्या.

मामा : काढलेल्या म्हणजे?

भाची : ज्यांचा रंग नीट उतरला नाही त्या. फिकट, तपकिरी, आरपार. त्या लाल माद्यांत राहिल्या तर पुढची पिढी फिकी निघते. म्हणून पिल्लं सेंटिमीटरभर झाली की निवडायची.

मामा : मघाशी काय म्हणालीस? हात न घालणं बरोबर. खाणं घालत नाही, पाणी ढवळत नाही, सगळं त्यांच्यावर सोडलं. आणि कोण जगायचं, कोण नाही, ते मात्र तू ठरवणार.

भाची : जगायचं नाही असं कुठे म्हटलं? वेगळ्या डब्यात ठेवल्यात.

मामा : मूळ रंग कोणता हिचा?

भाची : तपकिरी.

मामा : म्हणजे ओढ्यात जी चालली असती ती डब्यात, आणि जिला पहिल्या दिवशी माशाने गिळली असती ती टाकीत.

हा टोला मला बसला, आणि तिलाही. चेरीच्या धंद्यात श्रेण्या आहेत, साध्या चेरीवर साकुरा, त्यावर फायर रेड, त्यावर पेंटेड फायर रेड, जिच्या पायांपर्यंत लाल रंग उतरलेला असतो. निळी, पिवळी, केशरी, चॉकलेटी, सगळ्या याच जातीतून माणसाने वेगळ्या काढलेल्या. दोन रंग एका टाकीत सोडले की काही पिढ्यांत सगळी परत तपकिरीकडे झुकतात. म्हणजे रंग टिकवायचा तर निवड कधीच थांबवता येत नाही. भाचीने मात्र हार मानली नाही. तिने सुझुकींची गोष्ट काढली.

भाची : हिसायासु सुझुकी नावाचे जपानी शौकीन होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बी कोळंब्यांत एक लाल निघाली. एक. ती अप्रभावी जनुकाची होती, नुसती सोडून दिली असती तर तो लाल परत काळ्यात बुडाला असता. त्यांनी ती जपली, तिच्या वंशात पुन्हा पुन्हा निवड केली आणि क्रिस्टल रेड तयार झाली. आज जगात लोक त्या एका कोळंबीच्या वंशासाठी रांग लावतात. हे काहीच नाही?

मामा : एकाच कोळंबीचा वंश. भावाबहिणींत लग्नं. कशी काय टिकते?

भाची : नाजूक असते. तापमान वीस ते तेवीस अंश, पाणी आम्लधर्मी, वेगळी माती. आपल्याकडे चिलर लागतो.

चिलरवर मी माझा पहिला हस्तक्षेप केला. पाण्यावर फिरणारा छोटा पंखा दोन-तीन अंश खाली आणतो, तेवढं पुरे. चेरी ते सहन करते. एप्रिल-मेमध्ये अंडी कमी होतात, त्याला इलाज नाही.

भाची : आणि तू मला निवडीबद्दल बोलतोस मामा? तुमच्या केंद्रात मादी अंड्यावर यावी म्हणून काय करायचे ते सांग बाबांना.

मामा : सांगतो की. लपवायचं काय त्यात. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, ती अंडी पिकणं रोखून धरते. एका बाजूचा देठ कापला की रोध सुटतो आणि काही दिवसांत मादी पिकते. जगभर असंच करत आले. आता न कापता पिकवणाऱ्या माद्या तयार करायचे प्रयत्न चाललेत, ती चांगलीच गोष्ट आहे. पण आम्ही कापलं. माणसांनी खायला कोळंबी मागितली म्हणून कापलं. तू काय मागतेस? लाल.

इथे मी दोघांना बरोबरीत सोडणार नाही. मामांनी जे केलं ते जास्त दुखणारं होतं, आणि ते त्यांनी नावानिशी सांगितलं. मुलीचं कमी दुखणारं आहे, पण ती ते 'निसर्गावर सोडलं' या शब्दाआड ठेवते, तेवढंच मला खटकतं. डब्यात काढलेली कोळंबी मरत नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण तो डबा दर महिन्याला भरतो, हेही खरं आहे.

मामांचा पुढचा मुद्दा व्यावसायिक होता, आणि त्यात त्यांना मी पूर्ण गुण देतो.

मामा : ही नवी निळी कुठून आली?

भाची : कुरिअरने. पिशवीत.

मामा : आणि थेट टाकीत?

भाची : आधी थेंबाथेंबाने पाणी जुळवते ना.

मामा : पाणी जुळवलंस, आजार? अगो, १९९४ च्या सुमारास आमच्याकडे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू घुसला तेव्हा तळीच्या तळी एका आठवड्यात गेली. दहा पायांच्या जवळजवळ सगळ्या कवचवाल्यांना तो लागतो. पुढे २००९ मध्ये वन्नामेई ही परदेशी कोळंबी देशात आणली, तेव्हा तिचं प्रजननाचं बियाणं परदेशातून आलं की आधी चेन्नईला नीलांगरईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायची सक्ती झाली. ही सक्ती हौसेने नाही झाली, कर्जबाजारी झालेल्या लोकांनी ती शिकवली. आणि तू कुरिअरची पिशवी फोडून टाकीत ओततेस.

भाची : प्लॅनेरियाचे किडे बघते मी. हायड्रा बघते.

मामा : डोळ्याला दिसतं ते बघतेस. महिनाभर वेगळी ठेव. वेगळी जाळी, वेगळी नळी. आणि बाजारातल्या कोळंबीचा तुकडा खाऊ म्हणून कधीही टाकू नकोस. ओटा पुसलेलं फडकंसुद्धा त्या पाण्यात पिळू नकोस.

तिने वहीत लिहून घेतलं. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण माझं सांगणं ती लिहून घेत नाही.

राहिला डबा. त्यातल्या कोळंब्यांचं करायचं काय? बाजारात त्यांना घेणारे असतात, मिश्र रंगांची टाकी लावणारे नवशिके, पण तेही किती घेणार. मी माझ्या परीने एक सोपा मार्ग सुचवला. खाली नाला आहे, पुढे खाडी आहे. पालिका तर डासांसाठी गप्पी मासे नाल्यात सोडते. वीस-पंचवीस कोळंब्यांनी काय बिघडणार?

दोघंही एकदम माझ्यावर तुटून पडले. इतका वेळ एकमेकांशी भांडणारी माणसं एका बाजूला आलेली पाहून मला बरं वाटलं, पण कारण मी होतो.

भाची : बाबा, कोलोनजवळ गिलबाख नावाचा ओढा आहे. त्यात वीजकेंद्राचं कोमट पाणी येतं. जर्मनीच्या थंडीत ही कोळंबी टिकायची नाही असं लोक धरून चालले होते. त्या ओढ्यात ती संसार थाटून बसलेली सापडली. कोणीतरी तुझ्यासारखंच म्हटलं असेल, वीस-पंचवीस.

मामा : जलपर्णी पण शोभेसाठीच आणली होती ना? फुलं सुंदर म्हणून. आता पवनेचं बघा, इंद्रायणीचं बघा.

भाची : आणि सुलावेसी! इंडोनेशियात मातानो नावाचं तळं आहे, जवळपास सहाशे मीटर खोल. तिथल्या दगडांवर गर्द लाल, पांढऱ्या ठिपक्यांची कार्डिनल कोळंबी राहायची. २००९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि ती फक्त त्या तळ्यातली, दुसरीकडे कुठेच नाही. तळ्याशेजारी निकेलच्या खाणी, आणि त्यात कोणीतरी फ्लॉवरहॉर्न सोडले. फ्लॉवरहॉर्न म्हणजे माणसाने टाकीत घडवलेला मासा, आपल्याकडे लोक वास्तूसाठी घेतात तोच डोक्यावर टेंगूळवाला. तो आता तळ्यातल्या सगळ्यांना खातोय. कार्डिनल अतिधोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

गंमत म्हणजे ही कार्डिनल सत्तावीस ते तीस अंशांच्या कोमट पाण्यातली. ठाण्याच्या उन्हाळ्यात तिला चिलर लागत नाही. मुलीच्या मनात ती गेल्या वर्षापासून आहे, हे मला माहीत होतं. टाकीत जन्मलेली असल्याचं विकणारा खात्रीने सांगेल तरच घ्यायची, एवढ्यावर ती येऊन थांबली आहे. खात्री कशी करायची, हा प्रश्न तिथेच पडून आहे.

मामा : एवढं लांब कशाला जातेस? आमच्या व्हाळात, ओढ्यात, काय कमी कोळंबी आहे? काचेसारखी आरपार. पुढच्या वेळी बाटली भरून आणतो.

भाची : नको. अजिबात नको.

मामा : का? देशी आहे ना? तुला परदेशी सोडलेली चालत नाही, देशी पाळलेली चालत नाही?

भाची : सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिनाच्या कितीतरी जाती आहेत, काही तर त्याच डोंगरापुरत्या. तुझ्या व्हाळातली कोणती, तुला माहीत आहे? मला नाही. तिच्या अळ्यांना खाडी लागत असेल तर माझ्या टाकीत ती नुसती म्हातारी होऊन मरेल. आणि एकदा मी सुंदर फोटो टाकला की दहा जण बाटल्या घेऊन व्हाळावर जातील. मिस केरलाचं काय झालं? लाल रेघेचा तो मासा केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतून इतका उपसला की सरकारला धरण्यावर बंधनं घालावी लागली. 

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग डबा टेबलाखालून ओढून त्यांनी मांडीवर घेतला. 

मामा : ह्या दे मला.

भाची : कुठे नेणार?

मामा : घरी. पडवीत निळा ड्रम आहे, दोनशे लिटरचा. आत बदामाचं पान घालीन. मॉस दे थोडं. निवड बिवड काही करणार नाही. बघू किती होतात.

भाची : पावसात ड्रम भरून वाहिला तर? सरळ व्हाळात.

मामा : पागोळीखाली नाही ठेवणार. आणि वर जाळी.

भाची : पिल्लू दोन मिलिमीटरचं असतं. 

मामा : दोनशे मायक्रॉनची प्लँक्टनची जाळी अजून आहे माझ्याकडे. आम्ही झोइया अडवायचो तिने, तुझं पिल्लू काय घेऊन बसलीस.

भाची : पाणी बदलताना?

मामा : नारळाच्या आळ्यात. खाली वाळू आहे, व्हाळ वरच्या बाजूला. अजून काही?

भाची : मच्छरची कॉइल लावायची नाही पडवीत.

मामा : हे मामीला तू सांगायचं.

भाचीने मॉसचा एक पुंजका कापला, पिशवीत पाणी भरलं, डब्यातल्या कोळंब्या एकेक करून बारीक जाळीने उचलल्या. तपकिरी, फिकट निळसर, एखादी अर्धवट केशरी. मोजल्या नाहीत. गाठ मारताना मामांनी विचारलं.

मामा : तपकिरी आई-बापांना लाल पिल्लू होतं कधी?

भाची : होतं. यांचे आजे-पणजे लालच होते.

मामा : झालं तर ठेवू ना तसंच?

भाची : छे. मला कुरिअर कर.